जिवंत पेशी आणि मेलेली पेशी विजेनं वेगळी करता येते: आमच्या यीस्टच्या प्रयोगाची हकीकत आणि काही शंका

पेशीवेडी

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढते आहे. मी नागपूरला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

परवा दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये. काचेवर साखरेच्या पाण्याचा थेंब, त्यात बेकरीवाल्याकडून आणलेल्या यीस्टच्या पेशी. निम्म्या जिवंत, निम्म्या उकळून मारलेल्या. मिथिलीन ब्लू घातलं की मेलेल्या पेशी निळ्या होतात. जिवंत पेशी तो रंग आतल्या आत मोडून टाकतात, म्हणून बिनरंगी राहतात. फंक्शन जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीची एसी वीज देणारं यंत्र) १ मेगाहर्ट्झला लावून चालू केला आणि बिनरंगी पेशी इलेक्ट्रोडच्या कडेकडे सरकायला लागल्या. कडेला पोचलेल्या पेशीच्या पाठीला दुसरी चिकटली, दुसरीच्या पाठीला तिसरी, अशा मण्यांच्या माळा झाल्या. निळ्या पेशी मात्र होत्या तिथेच तरंगत राहिल्या. बटण बंद केलं, माळा सुटल्या. चालू केलं, परत माळा. आम्ही दोघी मैत्रिणींनी हे निदान तीस वेळा केलं असेल.

याला डायइलेक्ट्रोफोरेसिस म्हणतात. हा शब्द अमेरिकन शास्त्रज्ञ हर्बर्ट पोल यांनी १९५१ साली दिला, आणि जिवंत-मृत यीस्ट वेगळं करण्याचा नेमका हाच प्रयोग पोल आणि हॉक यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे आम्ही नवीन काही केलेलं नाही. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि आपण केलेल्या काचेवर होताना बघणं वेगळं.

काच कशी केली ते सांगते, कारण आमच्याकडे क्लीनरूम नाही. एका बाजूला आयटीओचा थर असलेली काच मिळते. आयटीओ म्हणजे मोबाइलच्या स्क्रीनमध्ये असतो तो पारदर्शक, वीजवाहक थर. त्यावर नेलपॉलिश लावलं, सुकल्यावर नव्या ब्लेडनं मधोमध एक रेघ ओढली, आणि जस्ताची पूड व विरल हायड्रोक्लोरिक आम्लानं त्या रेघेतला थर खाऊन टाकला. नेलपॉलिश ॲसिटोननं पुसलं की दोन इलेक्ट्रोड तयार, मध्ये साधारण १०० मायक्रोमीटरची फट. वर दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपच्या पट्ट्या आणि त्यावर कव्हरस्लिप, झाली वाहिनी. ब्लेडची रेघ सरळ आली नव्हती, कडेला बारीक कंगोरे राहिले होते. आम्हाला वाईट वाटलं होतं, पण पेशी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त त्या कंगोऱ्यांच्या टोकांवरच जमल्या! विद्युत क्षेत्र जिथे दाटतं तिथे त्या जातात.

जिवंत यीस्टच का वेगळं झालं ते मला समजलंय तसं लिहिते, चुकलं तर दुरुस्त करा. जिवंत पेशी म्हणजे आत खारट पाणी, बाहेर जेमतेम ७-८ नॅनोमीटर जाडीचं तेलकट पेशीपटल. खारट पाण्यातून वीज जाते, पटलातून जात नाही. कमी फ्रिक्वेन्सीला वीज पटलापाशीच अडते, तेव्हा अख्खी पेशी काचेच्या मण्यासारखी वागते आणि दाट क्षेत्रापासून दूर ढकलली जाते. फ्रिक्वेन्सी वाढवली की पटल कपॅसिटरसारखं वाट देतं, क्षेत्र आत शिरतं, आणि आतलं खारट पाणी भोवतीच्या साखरपाण्यापेक्षा कितीतरी जास्त वाहक असल्यानं पेशी दाट क्षेत्राकडे ओढली जाते. मेलेल्या पेशीचं पटल फाटलेलं असतं, आतलं मीठ कधीच बाहेर गेलेलं. मग आत आणि बाहेर फरकच उरत नाही, विजेनं तिला धरायचं कशाला?

मला यातलं सगळ्यात आवडलेलं हे आहे की पेशीला रंग लावावा लागत नाही, प्रतिपिंड चिकटवावं लागत नाही. निळा रंग आमच्या डोळ्यांसाठी होता, विजेला त्याची गरज नव्हती.

आता चुका आणि शंका. सुरुवातीचे बारा दिवस काहीच हाती लागलं नाही, कारण पेशी म्हटलं की सलाइन, हे डोक्यात पक्कं बसलेलं. ०.९ टक्के सलाइनमध्ये यीस्ट घेतलं, २० व्होल्ट पीक-टू-पीक (लाटेच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत) दिले, १ किलोहर्ट्झपासून वर जात राहिलो. बुडबुडे आले, पेशी हलल्या नाहीत, आणि पाचेक मिनिटांत बिनरंगी पेशीसुद्धा निळ्या व्हायला लागल्या. म्हणजे आम्हीच त्या मारल्या. कशानं? एप्रिलअखेर होती, खोलीत ४१ अंश होते (कूलर लावला की सूक्ष्मदर्शक थरथरतो, म्हणून बंद). मग ८.५ टक्के साखर आणि ०.३ टक्के डेक्स्ट्रोजचं पाणी केलं, पेशी त्यात तीनदा धुतल्या, तेव्हा कुठे जमलं.

दुसरी शंका अशी. वर लिहिल्याप्रमाणे कमी फ्रिक्वेन्सीला पेशी कडेपासून दूर जायला हव्यात. १० किलोहर्ट्झला त्या कडा सोडतात हे खरं, पण फटीच्या मध्ये येण्याऐवजी इलेक्ट्रोडच्या अंगावर, कडेपासून थोडं आत, एका सरळ रेषेत जमतात. हे कुठल्याच आकृतीत बसत नाही.

आणि तिसरं: हे झालं घोळक्याचं. हजार पेशींतून मला हवी ती एकच पेशी उचलायची असेल तर?

तर्रीपोहे

ताई, झकास! मला एकच अडतंय. एसी आहे ना? १ मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख वेळा प्लस-मायनस बदलून राहिले. मग पेशी एकाच दिशेनं कशी जाईल? जागीच थरथरायला पाहिजे.

वऱ्हाडी मास्तर

पोरी, मनापासून शाबास. छत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं, पण ब्लेडनं रेघ ओढून इलेक्ट्रोड केलेला मी पाहिला नव्हता.

तर्रीपोहे, तुझा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर आपल्या घरातच आहे. डिसेंबर-जानेवारीत कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा फिरव आणि कागदाच्या कपट्यांजवळ ने. कपटे उडून चिकटतात. मुंबईच्या दमट हवेत हा खेळ फसतो, आपल्या इकडच्या कोरड्या हवेत दर वेळी जमतो. आता विचार कर, कपट्यावर भार कुठे होता? नव्हताच. कंगव्यावर ऋण भार, त्यानं कपट्यातला धन भार जवळच्या टोकाला ओढला, ऋण भार पलीकडच्या टोकाला लोटला. कंगव्याजवळ क्षेत्र जोरदार, लांब कमजोर. म्हणून जवळच्या टोकाचं ओढणं पलीकडच्या टोकाच्या ढकलण्यापेक्षा जास्त भरलं आणि कपटा आला.

आता कंगव्यावर ऋण भाराऐवजी धन भार असता तर? कपट्यातली टोकं उलटी झाली असती, पण तरीही तो कंगव्याकडेच आला असता. एसीत हेच होतं. क्षेत्र उलटलं की पेशीतली टोकंही उलटतात, त्यामुळे बलाची दिशा तीच राहते. गणितात सांगायचं तर बल क्षेत्राच्या वर्गाच्या चढावर अवलंबून असतं, आणि वर्ग केला की वजाचं चिन्ह जातं. क्षेत्र सगळीकडे सारखं असतं तर दोन्ही टोकांची ओढ तंतोतंत फिटली असती आणि पेशी हललीच नसती. म्हणून तुमच्या कंगोऱ्यांचं महत्त्व.

बल पेशीच्या त्रिज्येच्या घनावरही अवलंबून असतं. पेशी दुप्पट मोठी, तर ओढ आठपट. म्हणून जिवाणू पकडायला यीस्टपेक्षा जास्त त्रास होतो.

सलाइनमधल्या पेशी कशानं मेल्या? उष्णतेनं. ढोबळ हिशेब असा: तापमानातली वाढ म्हणजे द्रवाची वाहकता गुणिले व्होल्टेजचा वर्ग, भागिले आठ, भागिले पाण्याची उष्णतावाहकता. सलाइनची वाहकता साधारण १.५ सीमेन्स प्रति मीटर. २० व्होल्ट पीक-टू-पीक म्हणजे आरएमएस (एसीची परिणामी सरासरी) ७. पाण्याची उष्णतावाहकता ०.६. गणित केलं तर १५ अंशांच्या वर येतं. खोलीतले ४१ धरून झाले ५६. यीस्ट त्यात टिकत नाही. साखरपाण्याची वाहकता दीडशेपट कमी, तिथे वाढ जेमतेम ०.१ अंश.

चिपवाला

मूळचा महालचा, आता पुण्यात मायक्रोफ्लुइडिक चिपचं डिझाइन करतो. धागा वाचून फार आनंद झाला.

मास्तर, तुमचं सूत्र बरोबर आहे, पण सलाइनमध्ये त्या फटीवर खरोखर २० व्होल्ट पोचले असतील का? फंक्शन जनरेटरला स्वतःचा ५० ओहमचा रोध असतो. १ सेंटिमीटर लांब, १०० मायक्रोमीटर रुंद फट आणि टेपची जाडी १०० मायक्रोमीटर धरली, तर सलाइनचा रोध साधारण ६७ ओहम येतो. म्हणजे निम्म्याच्या जवळपास व्होल्टेज जनरेटरच्या आतच खपलं. व्होल्टेज ५७ टक्के, त्याचा वर्ग ३३ टक्के, तापमानवाढ ५ अंशांच्या आसपास. तेवढ्यानं पाच मिनिटांत यीस्ट मरणार नाही.

पेशीवेडी, एक सांगा. बुडबुडे आले तेव्हा आयटीओच्या कडांचा रंग बदलला होता का?

पेशीवेडी

हो! फटीच्या दोन्ही कडा तपकिरी झाल्या होत्या. आम्हाला वाटलं आम्ल नीट धुतलं गेलं नाही.

चिपवाला

मग उत्तर मिळालं. ते इलेक्ट्रोलिसिस आहे. विद्युत्-विघटनात आयटीओ काळवंडतो. १ किलोहर्ट्झसारख्या कमी फ्रिक्वेन्सीला, खारट पाण्यात आणि एवढ्या व्होल्टेजला इलेक्ट्रोडपाशी रासायनिक क्रिया होतातच. बुडबुडे हायड्रोजन-ऑक्सिजनचे, आणि मिठाचं पाणी असल्यानं सोबत क्लोरीनही. इवल्याशा वाहिनीत तुम्ही ब्लीचिंगचं पाणी तयार केलंत, पीएचही बिघडला. पेशी त्यानं मेल्या. फ्रिक्वेन्सी शेकडो किलोहर्ट्झमध्ये गेली की ध्रुव इतक्या लवकर उलटतात की या क्रियांना वेळ मिळत नाही. म्हणूनच हे सगळं काम एसीवर होतं.

तिसरंही एक कारण लक्षात असू द्या. कमी फ्रिक्वेन्सीला पेशीपटलावर जे व्होल्टेज पडतं ते दीडपट क्षेत्र गुणिले त्रिज्या. तुमच्या फटीत पूर्ण २० व्होल्ट पीक-टू-पीक, म्हणजे शिखराला १० व्होल्ट, पोचले तर क्षेत्र मीटरला १ लाख व्होल्ट, यीस्टची त्रिज्या अडीच मायक्रोमीटर, म्हणजे पटलावर ०.३७ व्होल्ट. पटलाला भोकं पडायला ०.२ ते १ व्होल्ट पुरतात. डीएनए पेशीत घालायला हेच मुद्दाम करतात, त्याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात. पेशी वेगळी करायची आणि जिवंतही ठेवायची, तर फ्रिक्वेन्सी वर ठेवून हे व्होल्टेज खाली ठेवायचं.

वऱ्हाडी मास्तर

मान्य. जनरेटरचा आतला रोध मी धरला नाही. तपकिरी कडा हा पुरावाच आहे.

लॅबताई

मी धंतोलीत पॅथॉलॉजी लॅबमध्ये बावीस वर्षं आहे, डीएमएलटी केलेलं. इलेक्ट्रोफोरेसिस हा शब्द माझ्या रोजच्या कामातला, म्हणून धाग्यात आले. विदर्भात सिकलसेल (लाल पेशी वाकड्या करणारा आनुवंशिक आजार) किती आहे ते सांगायला नको. सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली की आम्ही एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस लावतो. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये पेशी फोडून आतलं हिमोग्लोबिन काढतो, पट्टीवर ठेवतो आणि डीसी देतो. सिकलच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडच्या जागी व्हॅलीन आलेलं असतं. त्यानं ऋण भार कमी होतो, म्हणून तो पट्टा धन टोकाकडे जाताना मागे राहतो. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्ये भारातला हा फरक दाखवला तेव्हा रेणूच्या पातळीवर समजलेला हा पहिला आजार ठरला.

म्हणजे आमच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये भार महत्त्वाचा, आणि पेशी तर आधीच फोडलेली. तुमच्या डायइलेक्ट्रोफोरेसिसमध्ये भार नसला तरी चालतो आणि पेशी अख्खी राहते. नाव अर्धं सारखं असल्यानं मुलं गोंधळतील, म्हणून लिहिलं.

आणि बेटा, एक सावधगिरी. यीस्टवरून रक्ताकडे जाणार असशील तर साखरपाणी जपून. आमच्याकडे पीएनएच नावाच्या दुर्मिळ आजारासाठी शुगर वॉटर टेस्ट असायची. साखरेच्या, मीठ नसलेल्या पाण्यात प्लाझ्मामधलं कॉम्प्लिमेंट (रोगप्रतिकाराची प्रथिनं) लाल पेशींना चिकटतं, आणि त्या आजारातल्या पेशी फुटतात. निरोगी पेशीही मीठ नसलेल्या पाण्यात एकमेकींना चिकटून गोळे होतात. त्यामुळे प्लाझ्मा पूर्ण धुऊन काढावा लागेल, आणि पेशी त्या पाण्यात फार वेळ ठेवायच्या नाहीत. माणसाचं रक्त वापरायच्या आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी घे. स्वतःच्या बोटातून घेतलेलं का असेना.

शाईवाला

नमस्कार. मी हिंगणा एमआयडीसीत पॅकिंग लाइनवर कोडिंग मशिनं सांभाळतो. फरसाणाच्या पाकिटावर, औषधाच्या पट्टीवर ठिपक्याठिपक्यांनी तारीख आणि बॅच नंबर छापलेला असतो ना, ते मशीन. विषय वाचून वाटलं, अरे, हे तर आपलंच काम आहे.

आमच्या मशीनमध्ये शाईची बारीक धार नोझलमधून निघते. क्रिस्टलच्या कंपनानं ती सेकंदाला हजारो सारख्या थेंबांत तुटते. थेंब तुटत असताना त्याला चार्ज इलेक्ट्रोडमधून भार देतात, पुढे हजारो व्होल्टच्या डिफ्लेक्टर प्लेटा असतात. ज्या थेंबावर भार आहे तो वळून पाकिटावर बसतो. ज्यावर नाही तो सरळ गटरमध्ये जातो आणि शाई परत टाकीत. थेंब नेमका कुठे तुटतो आणि भार नेमका केव्हा द्यायचा, हे जुळलं नाही की छपाई बिघडते. उन्हाळ्यात शाई घट्ट-पातळ झाली की माझा अर्धा दिवस यातच जातो.

प्रश्न असा की पेशींसाठी असं मशीन आहे का? शाईच्या जागी रक्त, आणि ज्या थेंबात पाहिजे ती पेशी आहे त्यालाच भार.

चिपवाला

शाईवाला दादा, आहे, आणि ते तुमच्याच मशीनपासून निघालं आहे! स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीट यांनी थेंबाला भार देऊन वळवण्याचं इंकजेट तंत्र १९६५ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याच वर्षी लॉस ॲलामॉसमध्ये मॅक फुलवायलर यांनी ते पेशींना लावलं. आधी कुल्टर काउंटर या पेशी मोजायच्या यंत्रासारख्या छिद्रातून पेशीचा आकार मोजायचा, मग तिच्या थेंबाला भार द्यायचा. त्यानंतर लिओनार्ड हर्झेनबर्ग यांच्या गटानं आकाराऐवजी चमकणारा रंग आणि लेझर वापरला. तेच आजचं फॅक्स मशीन, म्हणजे फ्लुओरेसन्स ॲक्टिव्हेटेड सेल सॉर्टर. नको असलेले थेंब तिथेही सरळ खाली जातात, फक्त परत टाकीत न जाता वेस्टमध्ये. थेंब तुटण्याची जागा आणि भार देण्याची वेळ जुळवणं, ही तिथल्या ऑपरेटरचीही रोजची डोकेदुखी आहे.

ते मशीन सेकंदाला हजारो पेशी निवडतं. पण पेशी जोरात फेकली जाते, आणि बहुतेक वेळा आधी तिला चमकणारं लेबल लावावं लागतं. चिपवरची पद्धत सावकाश आहे, पण पेशीला हळुवार वागवते. कशासाठी वापरायचंय त्यावर निवड ठरते.

आता पेशीवेडीची तिसरी शंका, हजारातून एकच. इथे तुमच्या प्रयोगातलं ओढणं नाही, ढकलणं कामाला येतं. इटलीत बोलोन्याच्या गटानं २००३ मध्ये एक सिलिकॉन चिप दाखवली. ३२० गुणिले ३२०, म्हणजे १,०२,४०० इलेक्ट्रोड, प्रत्येक २० मायक्रोमीटरचा, आणि प्रत्येकाखाली स्वतःची मेमरी. वर झाकण म्हणून तुमच्यासारखीच आयटीओची काच. एका इलेक्ट्रोडला झाकणाच्या फेजमध्ये आणि त्याच्या आजूबाजूच्यांना उलट्या फेजमध्ये व्होल्टेज दिलं की त्या एका इलेक्ट्रोडच्या वर, पाण्याच्या मधोमध, क्षेत्राचा खळगा तयार होतो. चारी बाजूंनी आणि वरखालून क्षेत्र दाट, मध्ये विरळ. पेशी दाट क्षेत्रापासून पळते, म्हणून त्या खळग्यात येऊन तरंगत राहते. कुठल्याच पृष्ठभागाला टेकत नाही. मग शेजारच्या इलेक्ट्रोडला खळगा करायचा, की पेशी एक घर पुढे सरकते. अंगणात आखलेल्या घरांतून सोंगटी चालवावी तशी, पण एकाच वेळी हजारो सोंगट्या. कॅमेऱ्यात बघून जी पेशी हवी तिला घर-घर चालवत बाहेरच्या वाहिनीत आणायचं आणि एकटीला नळीत काढायचं. यावरूनच पुढे डीईपी-ॲरे नावाचं यंत्र बाजारात आलं.

हे कशासाठी? कर्करोगाच्या गाठीतून सुटून रक्तात आलेल्या पेशी १ मिलिलिटर रक्तात अनेकदा दहाहूनही कमी असतात, आणि त्याच मिलिलिटरमध्ये सुमारे ५०० कोटी लाल पेशी. आधी दुसऱ्या पद्धतीनं गर्दी कमी करतात, मग उरलेल्या काही हजारांतून ती एक पेशी अशी चालवत काढतात आणि तिचा डीएनए वाचतात. शेजारची एक निरोगी पांढरी पेशी सोबत आली तरी वाचन गढूळ होतं. म्हणून एकटी काढण्याला एवढं महत्त्व.

आणखी एक रस्ता: तेलात पाण्याचे थेंब करायचे, प्रत्येकात जास्तीत जास्त एक पेशी, आणि हवा तो थेंब वाहिनीच्या फाट्यावर विजेच्या झटक्यानं वळवायचा. दोन पेशी एका थेंबात येऊ नयेत म्हणून मिश्रण इतकं पातळ ठेवतात की दहा थेंबांत सरासरी एकच पेशी. तेव्हा ९० टक्के थेंब रिकामे जातात, ९ टक्क्यांत एक पेशी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास थेंबांत दोन किंवा जास्त. हे मशीन सेकंदाला दोन हजार थेंब निवडू शकतं, हे २००९ मध्ये दाखवलं गेलंय. जिवंत पेशीनं थेंबात सोडलेलं एन्झाइम तिथेच कोंडून राहतं. त्यामुळे पेशी काय आहे यापेक्षा पेशी काय करते यावरून निवड होते. हे मला स्वतःला सगळ्यात देखणं वाटतं.

दुसरी शंका, ती सरळ रेष. ते पेशींचं काम नाही, पाण्याचं आहे. कमी फ्रिक्वेन्सीला आणि कमी मिठाच्या पाण्यात इलेक्ट्रोडच्या अंगावर आयनांचा थर जमतो, क्षेत्र त्या थराला ओढतं, आणि पाणीच फटीतून इलेक्ट्रोडवर भोवरे घेत वाहतं. भोवरे जिथे मंदावतात तिथे जे असेल ते रेषेत साचतं. तपासायचं असेल तर त्याच पाण्यात प्लास्टिकचे, म्हणजे पॉलिस्टायरीनचे मणी टाका. तेही त्याच रेषेत साचले तर पाणी दोषी.

गोंडवन

मी गडचिरोली जिल्ह्यातला, नोकरीनिमित्त नागपुरात. माझ्या भाच्याला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आई-वडील दोघांकडून आलेला. नऊ वर्षांचा आहे. दुखणं उठलं की रात्री-बेरात्री गाडी करून आणावं लागतं. तुमचं सगळं समजलं असं नाही, पण एवढं कळलं की वीज पेशीच्या आतलं ओळखते. मग त्याच्या रक्तातल्या वाकड्या पेशी या चिपनं काढून टाकता येतील का? स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

लॅबताई

दादा, स्पष्टच सांगते. नाही, काढून टाकून उपयोग होणार नाही. भाच्याच्या सगळ्याच लाल पेशींत सिकलचं हिमोग्लोबिन आहे. ऑक्सिजन कमी झाला की त्या वाकड्या होतात, मिळाला की बऱ्याचशा परत सरळ होतात. आज ज्या वाकड्या दिसतात त्या काढल्या तरी उरलेल्या उद्या वाकतील. शिवाय शरीरात लाखो कोटी लाल पेशी आहेत, आणि या चिपा थेंबभर रक्ताच्या आहेत.

त्याच्यासाठी आज जे आहे ते सोडू नका: हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांनी दिलं असेल तर नियमित, फॉलिक ॲसिड, लसी, भरपूर पाणी. उन्हाळ्यात विशेष. ताप आला तर घरी थांबायचं नाही. घरातल्या इतरांची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू आहे, त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी होते.

चिपवाला

ताईंशी पूर्ण सहमत. गोंडवन दादा, या तंत्राचा उपयोग पेशी काढायला नाही, तर पेशी कशी वागते ते मोजायला होऊ शकतो. चिपमध्ये ऑक्सिजन कमी करून लाल पेशी वाकताना तिचा विद्युत्-रोध कसा बदलतो, हे मोजलं गेलंय. औषधानं वाकणं किती कमी झालं, हे थेंबभर रक्तात कळणं ही त्यातली आशा. ते अजून प्रयोगशाळेत आहे, दवाखान्यात नाही.

तुमच्या भागातल्या दुसऱ्या आजारावर मात्र हे तंत्र थेट लागू पडतं. मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरला की तिच्या पटलात नव्या वाटा पाडतो. अशी पेशी मीठ नसलेल्या पाण्यात ठेवली की आतले आयन गळतात आणि ती निरोगी पेशींपेक्षा वेगळी वागते. यीस्टमधल्या निळ्या पेशींसारखंच, पण थोड्या प्रमाणात. पीटर गॅसकॉइन यांच्या गटानं २००२ मध्ये चिपवर अशा पेशी निरोगी पेशींपासून वेगळ्या करून दाखवल्या आहेत.

गोंडवन

बरं झालं स्पष्ट सांगितलं. हायड्रॉक्सीयुरिया सुरू आहे, मधे गोळ्या संपल्या की आठवडा-आठवडा खंड पडतो. तो आता पडू देणार नाही. बहिणीच्या लहान मुलीची तपासणी राहिली आहे, या सुट्टीत करून घेतो.

लॅबताई

नक्की करा दादा. रिपोर्ट आला आणि काही समजलं नाही तर इथेच लिहा, मी बघते.

पेशीवेडी

दहा दिवसांनी परत येते आहे. सगळ्यांचे मनापासून आभार.

चिपवाला दादा, पाणीच दोषी. शेजारच्या विभागातून ५ मायक्रोमीटरचे पॉलिस्टायरीन मणी मिळाले. १० किलोहर्ट्झला तेही त्याच रेषेत साचले, आणि नीट पाहिल्यावर भोवरे दिसले सुद्धा. १ मेगाहर्ट्झला मणी कडेपासून दूर गेले आणि त्याच वेळी जिवंत यीस्ट कडेला चिकटलं. एकाच चित्रात दोन उलट्या दिशा! मण्याचं आतबाहेर सारखंच प्लास्टिक आहे, त्याला फ्रिक्वेन्सी बदलून काही फरक पडत नाही.

मग फ्रिक्वेन्सी हळूहळू वाढवत नेली आणि भोवरे थांबल्यावर यीस्ट कुठे ढकलणं सोडून ओढ घेतं ती जागा शोधली. आरओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडून वाहकता मोजायचा मीटर मागून आणला होता. पाण्यात पोटॅशियम क्लोराइड घालून वाहकता दुप्पट केली तर ती फ्रिक्वेन्सीही जवळपास दुप्पट झाली. मास्तर, तुम्ही म्हणाल हे सूत्रातच आहे. आहे, पण आमच्या वहीत ते पहिल्यांदा आमच्या आकड्यांनी आलं.

एक गोष्ट उशिरा लक्षात आली. उकळलेल्या पेशी मिसळल्या की अर्ध्या तासात पाण्याची वाहकता आपोआप वाढते. मेलेल्या पेशींमधून मीठ पाझरतं आणि जिवंत पेशींची फ्रिक्वेन्सीही त्यानं सरकते. त्या धुऊन मगच मिसळायच्या, आणि प्रत्येक वाचनाआधी मीटर बुडवायचा. आधीच्या सहा दिवसांची वाचनं त्यामुळे टाकून दिली.

पुढचा प्रश्न: फ्रीजमध्ये तीन आठवडे राहिलेलं यीस्ट निळंही होत नाही आणि माळेतही नीट येत नाही. कंगोऱ्यापर्यंत जातं आणि सुटतं. पटल शाबूत असून आतलं मीठ कमी झालं असेल का?

चिपवाला

शक्य आहे. त्याच पाण्यात ताजं आणि जुनं यीस्ट शेजारी-शेजारी ठेवून १ ते २० मेगाहर्ट्झ बघा. आतली वाहकता घटली असेल तर वरच्या टोकाला जुनं यीस्ट आधी सुटेल. खालच्या टोकाची फ्रिक्वेन्सी पटल सांगतं, वरच्या टोकाची आतलं पाणी सांगतं. जनरेटर २० पर्यंत जातो का?

पेशीवेडी

आमचा १० पर्यंतच. २५ मेगाहर्ट्झचा इलेक्ट्रॉनिक्स विभागात आहे, सोमवारी मागते.